आधी श्वास, मग रंग, मग शब्द

छातीत धडधडतं. रात्री दोनला जाग आली की पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. जेवण जात नाही, मान धरते, कुणी जरा मोठ्याने बोललं की रडू फुटतं. नाशिकच्या द्वारका, काठे गल्ली, वडाळा नाका या पट्ट्यातल्या कुठल्याही फॅमिली डॉक्टरांच्या दवाखान्यात संध्याकाळी तासभर बसलं, तर अशा तक्रारी हमखास कानावर पडतात. ईसीजी निघतो, थायरॉइड आणि बी-१२ तपासलं जातं, रिपोर्ट नॉर्मल येतात. "तुम्हाला काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका," असं सांगून डॉक्टर झोपेची एखादी गोळी देतात. माणूस घरी येतो. धडधड तशीच राहते, कारण तिचं मूळ हृदयात नव्हतंच. ते तीन महिन्यांपूर्वी गेलेल्या भावात होतं, बुडालेल्या उधारीत होतं, किंवा ज्याबद्दल घरात कुणीच बोलत नाही अशा एखाद्या जुन्या गोष्टीत होतं.

असे लोक थोडेथोडके नाहीत. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं, तेव्हा प्रौढांपैकी १० टक्क्यांहून थोडे अधिक लोक कुठल्या ना कुठल्या मानसिक आजाराने त्रस्त असल्याचं दिसलं. त्यांतल्या बहुसंख्यांपर्यंत कसलाही उपचार पोचलेला नव्हता. आणि आजार म्हणावा इतकं नसलेलं, तरीही जगणं जड करणारं दुःख या आकड्यात धरलेलंच नाही.

अशा दुःखावर काम करण्याचे तीन मार्ग आज जगभर वापरात आहेत. पहिला म्हणजे समुपदेशकाशी किंवा मानसोपचारतज्ज्ञाशी बोलणं. दुसरा, श्वासावर आणि शरीरावर लक्ष ठेवण्याचा सराव, ज्याला हल्ली सजगता किंवा माइंडफुलनेस म्हणतात. तिसरा, चित्र, माती, गाणं, नृत्य, नाटक यांच्या आधाराने मनातलं बाहेर आणणं. नाशिककरांना हे तिन्ही मार्ग नवे नाहीत. द्वारका चौकातून मुंबईच्या रस्त्याने निघालं की साधारण ४५ किलोमीटरवर इगतपुरीचं विपश्यना केंद्र लागतं, त्याच रस्त्याने पुढे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ आहे आणि पुणे रस्त्याने गेलं तर येरवड्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र. अडचण अशी की आपण यांतल्या एकाच दारात उभे राहतो. कुणी दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन येतो आणि आता सगळं सुटेल असं धरून चालतो. कुणी समुपदेशकाकडे दोनदा जातो, तिथे तोंडातून शब्दच फुटत नाही, म्हणून तिसऱ्यांदा जात नाही. कुणी चित्रकलेचा क्लास लावतो. माझं म्हणणं असं आहे की हे तीन वेगवेगळे उपचार मानूच नयेत. एकाच उपचाराचे ते टप्पे आहेत, त्यांना एक क्रम आहे, आणि तो क्रम चुकला तर चांगला उपचारही अंगाला लागत नाही.

आधी इगतपुरीकडे. सत्यनारायण गोएंका यांचा जन्म १९२४ साली ब्रह्मदेशात मंडाले इथे झाला. घर व्यापाऱ्याचं. सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे ते विपश्यना शिकले, १९६९ मध्ये भारतात आले आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर शिबिरं भरू लागली. दहा दिवसांच्या शिबिराची रीत जगात सगळीकडे सारखीच आहे. पहाटे चारची घंटा, आर्य मौन, पहिले तीन दिवस फक्त नाकपुड्यांजवळ येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर लक्ष, मग डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या शरीरावरच्या संवेदनांचं निरीक्षण. फी नाही, शिबिर पूर्ण केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. त्या दहा दिवसांत वाचायचं नाही, लिहायचं नाही, संगीत ऐकायचं नाही, सहसाधकाशी बोलायचं नाही. शंका असेल तर आचार्यांना विचारता येते, तेवढीच. म्हणजे आपण ज्या तीन मार्गांविषयी बोलतो आहोत, त्यांतले दोन तिथे मुद्दाम बंद ठेवलेले असतात. ध्यानाची शिस्त म्हणून ते बरोबरच आहे. पण ताज्या जखमेवरचा उपचार म्हणून तिकडे धाव घेणाऱ्याने थांबून विचार करावा. गंभीर मानसिक आजार असलेल्यांनी शिबिराला येऊ नये, असं केंद्र स्वतःच सांगतं आणि अर्जात त्याची विचारणा करतं. हा प्रश्न औपचारिक समजून खोटं उत्तर देणारे लोक असतात. असं कधीही करू नये. नुकताच आघात झालेल्या माणसाने दहा-दहा तास डोळे मिटून बसलं, तर आठवणी शांत होण्याऐवजी उसळून वर येऊ शकतात आणि तेव्हा शेजारी बोलायला कुणी नसतं.

दवाखान्यात वापरायची सजगता याच मुळातून आली, पण तिची मात्रा वेगळी आहे. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जुनाट दुखणी असलेल्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम आखला. आठवड्यातून एकदा गटात बसायचं, घरी रोज सराव करायचा. पुढे झिंडेल सीगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीसडेल यांनी त्याला विचारांवर काम करणाऱ्या मानसोपचाराची जोड दिली. त्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, नैराश्याचे तीन किंवा त्याहून अधिक झटके येऊन गेलेल्या लोकांमध्ये नेहमीच्या उपचारांवर ६६ टक्के जणांना नैराश्य पुन्हा आलं. हा सराव केलेल्यांमध्ये ते प्रमाण ३७ टक्के होतं. विशेष म्हणजे, दोनच झटके आलेल्यांना असा फायदा दिसला नाही. पुढे २०१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या ४२४ रुग्णांच्या ब्रिटिश चाचणीत दोन वर्षांच्या काळात सजगतेच्या गटात ४४ टक्के आणि औषधं चालू ठेवलेल्या गटात ४७ टक्के जणांना नैराश्य उलटलं. म्हणजे जवळपास बरोबरी. यावरून कुणी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत. त्या चाचणीत औषध कमी करण्याचं कामही डॉक्टरांच्या देखरेखीखाली होत होतं.

हा सराव दिसतो कसा? द्वारका चौकात संध्याकाळी सातला रिक्षात अडकलेला माणूस घ्या. वर उड्डाणपूल, खाली चारी बाजूंनी हॉर्न, पुढची बस हलत नाही आणि डोक्यात दुपारचं भांडण तिसऱ्यांदा सुरू झालेलं. त्याने डोळे मिटायचे नाहीत. तळपाय रिक्षाच्या पत्र्यावर टेकलेत, तिथली इंजिनाची थरथर जाणवते का ते बघायचं. हात गार आहेत की गरम, जबडा आवळलेला आहे का, ते बघायचं. श्वास मुद्दाम खोल घ्यायचा नाही, आहे तसा पाहायचा. भांडण परत आठवेल. आठवलं की 'भांडण' असं मनात म्हणून पुन्हा तळपायाकडे यायचं. सिग्नल सुटेपर्यंत हे चार-पाच वेळा होईल. एवढंच. भांडण यातून मिटणार नाही, समोरचा माणूसही बदलणार नाही. पण घरी पोचल्यावर पहिला शब्द ओरडून निघायचा की नाही, हे ठरवायला थोडी उसंत मिळते. सजगतेचं काम तेवढंच आणि ते पायाचं आहे. अंग थरथरत असताना कुणाशीच नीट बोलता येत नाही.

आता ते बोलता न येणं. समुपदेशकासमोर बसून गप्प होणारा माणूस हट्टी नसतो. अमेरिकेत १९९६ मध्ये आघातग्रस्तांच्या मेंदूची छायाचित्रं घेणारा एक छोटा अभ्यास झाला. त्यांना त्यांच्याच आघाताचं वर्णन ऐकवल्यावर भीतीशी निगडित असलेला अमिग्डाला हा भाग जागा झाला आणि बोलण्याशी निगडित असलेल्या ब्रोका या भागातली हालचाल मंदावली. जेव्हा सांगण्याची सगळ्यात जास्त गरज असते, नेमकी तेव्हाच वाचा बसते. याचा अनुभव आपल्याकडच्या प्रत्येक घराने कधी ना कधी घेतलेला आहे. अशा वेळी हातात खडू किंवा मातीचा गोळा देणं हा पोरखेळ वाटतो, पण त्यामागे हे कारण आहे. शब्द अडतात तिथे हात चालू शकतो.

कलेला उपचारात नाव मिळालं ते एका आजाऱ्याकडून. एड्रियन हिल हा ब्रिटिश चित्रकार क्षयाने आजारी होता, आरोग्यधामातल्या खाटेवर चित्रं काढत बरा होत गेला, इतर रुग्णांनाही त्याने चित्रं काढायला लावलं आणि १९४२ मध्ये त्याने या कामाला आर्ट थेरपी म्हटलं. आज या क्षेत्रात काम करणारे लोक चित्राची सुबकता बघत नाहीत. त्यांचं एक सत्र साधारण असं चालतं. कागदावर आधी माणसाच्या आकाराची नुसती बाह्यरेषा असते. 'आज काळजी अंगात कुठे आहे तिथे रंग भरा' असं सांगतात. कुणी घशात काळा भरतो, कुणी पोटात लाल गिरगोटा काढतो, कुणी पाय रंगवतच नाही. मग समुपदेशक याचा अर्थ सांगत बसत नाही; तो विचारतो, 'हा घशातला काळा रंग हलतो का? त्याच्या शेजारी तुम्हाला कुठला रंग ठेवावासा वाटतो?' दुःख अंगाबाहेर, हातभर अंतरावर, कागदावर आलेलं असतं. 'मला काय होतंय' हे सांगता न येणारा माणूस 'याला काय होतंय' हे बरंच सांगू शकतो.

गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत ड्रेक्सेल विद्यापीठात २०१६ मध्ये ३९ प्रौढांना पाऊण तास चित्र, कोलाज, माती यांपैकी हवं ते करू दिलं. त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाशी संबंधित संप्रेरक पाऊण तासानंतर कमी झालेलं आढळलं आणि कलेचा पूर्वानुभव असल्या-नसल्याने त्यात फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावर इमले बांधू नयेत. दुसऱ्या बाजूने, ब्रिटनमध्ये स्किझोफ्रेनिया असलेल्या ४१७ जणांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले तेव्हा, नेहमीच्या उपचारांना गटातल्या आर्ट थेरपीची जोड दिल्याने काही वेगळा फायदा होत नाही असं दिसलं. ज्यांना आर्ट थेरपी ठरवून दिली होती, त्यांतले पुष्कळ जण सत्रांना फारसे आलेच नव्हते. मला ही चाचणी फार महत्त्वाची वाटते. कला ही जादूची कांडी नाही. माणूस आणि उपचारक यांच्यात नातं जुळलं नाही, माणूस खोलीपर्यंत आलाच नाही, तर रंगपेटीने काही होत नाही.

बोलण्याच्या उपचाराची पार्श्वभूमी वाचकांना बरीच ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. ब्रॉयर आणि फ्रॉइड यांच्या १८९५ च्या पुस्तकापासून ती सुरू होते. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास वेगळी वाट धरली: घटनेपेक्षा घटनेविषयी आपण मनाशी काय म्हणतो त्यातून त्रास होतो, आणि ते तपासता येतं. महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी ही विवेकनिष्ठ पद्धत रुजवली. घरात कुणी वारलं की 'मी वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर' हा विचार वर्षानुवर्षं छळतो. तो विचार उचलून समोर ठेवायचा, त्या रात्री खरोखर काय माहीत होतं आणि काय माहीत असणं शक्य नव्हतं हे एकेक करून बघायचं, हे काम बोलल्याशिवाय होत नाही. श्वासाने हा विचार शांत होईल, चित्रात तो दिसेल, पण तो खरा की खोटा हे ठरवायला शब्दच लागतात. म्हणून बोलणं शेवटी येतं आणि म्हणून ते टाळताही येत नाही.

हे तिन्ही एकत्र कसे नांदतात ते बघायचं तर मुक्तांगणकडे जावं लागतं. डॉ. अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्यांचे पती अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले, ते वाचून पु. ल. आणि सुनीता देशपांडे पुढे आले, त्यांनी पैसा उभा करून दिला आणि २९ ऑगस्ट १९८६ रोजी मनोरुग्णालयाच्याच आवारात मुक्तांगण सुरू झालं. निवासी उपचार ३५ दिवसांचा ठरला. व्यसनी माणूस दाखल होतो तेव्हा त्याच्याशी तत्त्वचर्चा करण्यात काही अर्थ नसतो. हात थरथरतात, झोप नसते, उलट्या होतात, कधी भास होतात. तेव्हा आधी औषध आणि शरीर. मग दिनक्रम, योगासनं, ध्यान. मग गटात बसणं, ऐकणं, आणि ऐकता ऐकता एक दिवस स्वतःबद्दल बोलणं. समोर बसलेला समुपदेशक पुष्कळदा स्वतः त्याच वाटेने आलेला असतो, त्यामुळे त्याच्याशी खोटं बोलून फार काळ निभत नाही. मग घरचे, बायकांसाठी 'सहचरी' हा गट, कारण नवरा पीत होता त्या सगळ्या वर्षांत तिचंही काही मोडलेलं असतं. म्हणजे मी वर ज्या क्रमाविषयी बोललो, तो इथे कुणा परदेशी पुस्तकातून आलेला नाही. रोजच्या कामाच्या गरजेतून तो आपोआप घडला.

आणि कला? अनिल अवचट बासरी वाजवत, लाकडात शिल्पं कोरत, ओरिगामी करत, चित्रं काढत. मुक्तांगणच्या हवेत हे सगळं होतं. व्यसनमुक्तीत कला का लागते, याचं उत्तर संध्याकाळी सात वाजता मिळतं. व्यसन सुटलं की दिवसातले तीन-चार तास अचानक मोकळे होतात आणि ते नेमके तलफेचे तास असतात. ॲलन मार्लट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तलफेला लाट म्हटलं होतं. ती चढते, शिखर गाठते आणि तिच्याशी झुंजलं नाही तर काही मिनिटांत ओसरते. ती ओसरेपर्यंत लक्ष कुठे ठेवायचं हे सजगता शिकवते, हातांनी काय करायचं हे कला शिकवते, आणि ती आली कशामुळे, कुणाच्या कुठल्या बोलण्याने, हे दुसऱ्या दिवशी गटात बसून शोधायचं असतं. एकाच तासाभरात तिन्हींची गरज पडते. यातलं एक काढून घेतलं तर माणूस पुन्हा गुत्त्याच्या वाटेला लागण्याची शक्यता वाढते. डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये गेल्या, अनिल अवचट २०२२ मध्ये. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी संस्थेची धुरा पुढे वाहिली.

पुण्यातच भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये आपल्या आईच्या, बापूच्या नावाने बापू ट्रस्ट काढला. लहानपणी त्यांनी मनोरुग्णालयं आतून पाहिली होती, त्यामुळे माणसाला कोंडून बरं करण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. 'सेहेर' या त्यांच्या कामात कार्यकर्त्या वस्त्यांमध्ये जातात आणि समुपदेशनाबरोबर श्वास, ताल, गाणं, चित्र यांचा वापर करतात. पाण्याच्या नळाजवळ भांडणारी, रात्रपाळी करणारी, नवऱ्याचा मार खाणारी बाई वातानुकूलित खोलीत तासाला हजार-दीड हजार मोजू शकत नाही. तिच्यापर्यंत उपचार पोचवायचा तर तो तिच्या वस्तीत, तिच्या भाषेत, तिच्या ओळखीच्या तालात न्यावा लागतो.

द्वारकेहून तीनेक किलोमीटरवर रामकुंड आहे. तिथे रोज सकाळी दशक्रिया चालतात, आणि मला तिथे या तिन्ही गोष्टी एकत्र दिसतात. कर्ता स्वतःच्या हाताने पिंड वळतो. पिंड मांडल्यावर सगळे कावळ्याची वाट बघतात. पाच मिनिटं, दहा मिनिटं, कधी अर्धा तास. कुणी मोबाइल काढत नाही, नजर एका जागी लागलेली. कावळा शिवला नाही की एकेक जण पुढे होतो, हात जोडतो आणि गेलेल्याशी मोठ्याने बोलतो: धाकट्याचं लग्न आम्ही करू, आईला अंतर देणार नाही, तुझं कर्ज फेडू. गेलेल्या माणसाशी, सगळ्यांदेखत, तोंडाने बोललेलं ते वाक्य. मानसोपचारतज्ज्ञ फ्रिट्झ पर्ल्स यांच्या पद्धतीत समोर रिकामी खुर्ची ठेवून त्यात ती व्यक्ती बसली आहे असं मानून बोलायला सांगतात, आणि शोक अडकलेल्या लोकांना त्याने मोकळं व्हायला मदत होते. हातांचं काम, एकाग्र वाट बघणं, उच्चारलेला शब्द: तीन गोष्टी, एका सकाळी, भोवती आपली माणसं. कावळा का येतो हे ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे मानावं. वाट बघणाऱ्याच्या मनात काय होतं, ते मात्र मला अंधश्रद्धा म्हणून झटकून टाकता येत नाही.

पण या विधीचं गुणगान करताना एक गोष्ट लपवता कामा नये. घाटावर बोलायची संधी बहुतेक वेळा पुरुषांना मिळते. जिचा नवरा गेला तिला कित्येक घरांत त्याच काळात बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं असले अघोरी प्रकार सोसावे लागत, अजूनही लागतात. तिच्या हाताला काम नाही, तिच्या शब्दाला जागा नाही. बायकांचं बोलणं जात्यावर होत असे. समोरासमोर बसलेल्या दोघी, खुंट्याला दोघींचा हात, फिरण्याची एक लय, त्या लयीवर श्वास आणि श्वासावर ओवी; आई आठवायची, सासर सोसायचं, गेलेलं मूल हाकारायचं. गी पॉइटव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. पिठाची गिरणी आली, कष्ट वाचले, ते फार चांगलं झालं. पण पहाटेची ती बोलायची जागा गेली आणि तिच्याऐवजी दुसरी कुठली आपण दिली नाही.

मग कोविडचं २०२१ साल आलं. २१ एप्रिलला द्वारकेजवळच्या, कथड्याच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि किमान २२ रुग्ण दगावले. त्या महिन्यांत शहरभर जे गेले त्यांच्या घरच्यांना चेहरा नीट बघता आला नाही, खांदा देता आला नाही, दहा दिवस घरात कुणी भेटायला येऊन बसलं नाही. ज्या गोष्टींवर शोक आपसूक वाहत जायचा, त्या सगळ्या एकदम बंद झाल्या. असा साचलेला शोक पुढे कित्येक वर्षं धडधड, निद्रानाश, चिडचिड या वेषांत दवाखान्यात येत राहतो.

त्यावर काय करता येईल याचं एक उत्तर शेजारच्या गोव्यात आहे. तिथल्या 'संगाथ' या संस्थेने नैराश्याने ग्रासलेल्या लोकांवर प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये चाचणी घेतली. समुपदेशन करणारे लोक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. स्थानिक, प्रशिक्षण दिलेले साधे लोक होते. सहा ते आठ भेटींत, माणसाला आवडणारी आणि अर्थाची वाटणारी कामं पुन्हा दिवसात आणायची, हा गाभा. २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, असं समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक तीन महिन्यांत नैराश्यातून बाहेर आले होते. फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ते प्रमाण ३९ टक्के होतं. हे काम कोट्यवधींच्या इमारतींशिवाय झालं, याची नोंद आपल्या पालिकेने घ्यावी असं फार वाटतं.

ज्याला आज मदत हवी आहे त्याच्यासाठी दोन गोष्टी. मरणाचे विचार येत असतील, आवाज ऐकू येत असतील, दिवसेंदिवस अन्न जात नसेल किंवा व्यसनाने शरीर मोडलं असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ आणि औषध. ध्यान आणि चित्रं त्यानंतर. जिल्हा रुग्णालयात ही सोय आहे आणि १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर दिवस-रात्र, मराठीतही, फुकट बोलता येतं. दुसरं, समुपदेशक निवडताना लाजू नये, विचारावं: शिक्षण काय, कुणाच्या देखरेखीखाली काम करता, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असाल तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, आणि माझी तब्येत बिघडली तर मला कुठल्या डॉक्टरांकडे पाठवाल. शेवटच्या प्रश्नाचं सरळ उत्तर न देणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नये. कला-उपचाराच्या नावावर दोन दिवसांची कार्यशाळा करून 'हीलर' झालेले लोक वाढत आहेत, त्यांच्या बाबतीत तर हे प्रश्न विचारायलाच हवेत.

आणि शहरासाठी एकच मागणी. द्वारका हा नाशिकचा असा चौक आहे जिथे सगळ्या बाजूंची माणसं उतरतात. या परिसरातल्या पालिकेच्या एखाद्या दवाखान्यात एक खोली मिळावी. सतरंज्या, कागद, तेलखडू, मातीचा गोळा, एखादी ढोलकी. गोव्यासारखं प्रशिक्षण दिलेल्या दोन परिचारिका किंवा आशाताई, आठवड्यातून एकदा येणारा मानसोपचारतज्ज्ञ, आठ आठवड्यांचा गट. पहिली दहा मिनिटं श्वास, मग अर्धा तास हाताचं काम, मग बोलणं. ज्याला बोलायचं नाही त्याने नुसतं ऐकावं. बाहेर मनोरुग्ण विभाग अशी पाटी नको, म्हणजे शेजारणीने पाहिलं तरी कुणाला खाली मान घालावी लागणार नाही. 'मंगळवार आणि शुक्रवार, दुपारी ३ ते ५' एवढं लिहिलेलं पुरे.